आठवीतली मुलं जर्मनच्या तासाला गप्प का होतात?

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला जर्मन शिकवते. आठवड्याला 35 मिनिटांचे तीन तास, एकेका वर्गात 42 मुलं. सहावीची मुलं 'गूटन मॉर्गन' इतक्या जोरात म्हणतात की शेजारच्या वर्गातून तक्रार येते. तीच मुलं आठवीत खाली माना घालून बसतात. युनिट टेस्टला 20 पैकी 17-18 मार्क मिळतात, 'हाबन' (जवळ असणं) आणि 'झाइन' (असणं) या क्रियापदांची रूपं तोंडपाठ असतात, पण 'शाळा सुटल्यावर तू काय करतोस?' एवढं जर्मनमध्ये विचारलं की वर्गात शुकशुकाट. आठवीत एक मुलगा आहे. त्याला सगळं समजतं, लिहितो सुरेख, पण जूनपासून माझ्या तासाला त्याने तोंड उघडलेलं नाही. तासाला फक्त जर्मनच बोलायचं असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण तसं केलं की मागचे बाक पेंगतात. मराठीत समजावलं तर मुख्याध्यापिकांना आवडत नाही. व्याकरण आधी घ्यावं की बोलणं? पालक विचारतात, 'याचा उपयोग काय?' मोठ्यांच्या क्लासमध्ये शिकवायला मला बोलावणं आहे, पैसेही बरे मिळतील. शाळा सोडावी का, हेच कळेनासं झालं आहे.

— एक जर्मन शिक्षिका

उत्तर : तुमच्या पत्रात खरं तर चार-पाच प्रश्न आहेत, पण मला त्यातला एकच मुळाशी वाटतो, तो म्हणजे आठवीचं मौन. तो सुटला की व्याकरणाचा आणि पालकांचा प्रश्न बराच हलका होईल. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

बारा-तेराव्या वर्षी मुलांना हसं होण्याची जेवढी धास्ती असते तेवढी पुढे क्वचितच असते. आवाज फुटायला लागलेला असतो, मुलींना आपल्याकडे कोण बघतंय याची जाणीव झालेली असते, आणि वर्गात कोण कोणाला काय म्हणालं हे मधल्या सुट्टीत सगळीकडे झालेलं असतं. अशा वयात 41 जणांसमोर उभं राहून परक्या भाषेत, तेही ओठांचा चंबू करून काढायचा 'यू' उच्चारत, एक वाक्य बोलायचं म्हणजे पणाला लागते ती त्या मुलाची वर्गातली पत. मार्कांचा तिथे संबंधच नसतो. सहावीच्या मुलाला हे सगळं अजून कळत नसतं, म्हणून तो ओरडतो. आठवीच्याला कळतं, म्हणून तो गप्प बसतो.

दुसरं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. 'शाळा सुटल्यावर तू काय करतोस?' या प्रश्नाचं उत्तर ऐकण्यात वर्गात कुणालाच रस नाही, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. बाईंना क्रियापदाचं रूप तपासायचं आहे, एवढंच. ज्या बोलण्याचा ऐकणाऱ्याला काही उपयोग नाही, त्यासाठी आपली फजिती कोण करून घेईल?

तेव्हा तासाची घडी थोडी बदलावी लागेल. मुलाला बोलायला आडोसा मिळाला पाहिजे आणि बोलायला कारण मिळालं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

आधी एक हिशेब मांडून पाहा. 35 मिनिटांत 42 मुलं. तुम्ही स्वतः एक शब्दही न बोलता प्रत्येकाला उभं केलंत, तरी एकेकाच्या वाट्याला 50 सेकंद येतात. प्रत्यक्षात हजेरी, 'वह्या काढा', फळा पुसणं आणि तुमचं बोलणं वजा केलं की तासात आठ-दहा मुलं एकेक वाक्य बोलतात आणि उरलेली ऐकतात. ती बहुतेक दर वेळी तीच आठ-दहा मुलं असतात. हीच मुलं जोडीजोडीने बोलायला लागली तर एका वेळी 21 तोंडं चालू होतात. गोंगाट होतो. मुख्याध्यापिकांना आणि शेजारच्या वर्गावरच्या बाईंना आधीच सांगून ठेवा, की दर तासाची पहिली सात मिनिटं आवाज होणार आहे आणि तो मुद्दाम केलेला असणार आहे.

ही सात मिनिटं कशी घालवायची ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळा खेळ इथेच आहे. फळ्यावर एक प्रश्न लिहा : 'वास माख्स्ट दू नाख डेअर शूले?' म्हणजे तुमचाच 'शाळा सुटल्यावर तू काय करतोस?'. त्याखाली तीन अर्धवट वाक्यं लिहा, 'इश श्पीले...' (मी खेळतो), 'इश लेर्ने...' (मी शिकतो), 'इश गेहे...' (मी जातो) अशी, म्हणजे सुरुवात कशी करायची या काळजीने कुणी अडणार नाही. मुलं शेजाऱ्याकडे वळतात. एकजण मिनिटभर बोलतो, दुसरा ऐकतो, मग उलट. मिनिट संपलं की एका रांगेतली मुलं एकेक बाक पुढे सरकतात. जोडीदार बदलला, बोलायचं मात्र तेच, आता 45 सेकंदांत. पुन्हा सरकायचं, पुन्हा तेच, 30 सेकंदांत. पॉल नेशन या भाषाशिक्षणातल्या मोठ्या अभ्यासकाने मोठ्यांसाठी हीच गोष्ट चार, तीन आणि दोन मिनिटांची सांगितली आहे. आपल्या मुलांसाठी ती आखूड करून घ्यायची. पहिल्या फेरीत अडखळलेला मुलगा तिसऱ्या फेरीत तेच वाक्य न थांबता म्हणतो, आणि हे त्याचं त्याला जाणवतं. त्यासाठी कुणी 'शाबास' म्हणावं लागत नाही.

यानंतर वर्गासमोर बोलायला लावायचं असेल तर मुलांना स्वतःबद्दल बोलायला लावू नका, जोडीदाराबद्दल बोलायला सांगा. 'एर श्पील्ट क्रिकेट', 'झी लेर्न्ट तबला'. दोन गोष्टी साधतात. स्वतःला उघडं पाडायची भीती जाते, आणि 'श्पीले'चं 'श्पील्ट' करण्याची गरज आपोआप उभी राहते. शिवाय 'जोडीदाराबद्दल वर्गाला ठाऊक नसलेली एक गोष्ट शोधून काढा' असं सांगितलंत की ऐकणाऱ्यालाही काम मिळतं. कोणाच्या घरी कासव आहे, कोण ढोलपथकात आहे, कोण रोज पहाटे पाचला पोहायला जातं, हे ऐकायला आठवीची मुलं कान टवकारतात.

आता 'फक्त जर्मनच बोला' या प्रशिक्षणातल्या नियमाबद्दल. जर्मन भरपूर कानावर पडलं पाहिजे यात वाद नाही. पण नुसतं ऐकून बोलता येतं, हा समज कॅनडातल्या शाळांनी खोटा ठरवला आहे. तिथे 1965 पासून क्यूबेकमधल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवण्याचे वर्ग सुरू झाले. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकलेल्या या मुलांची समज उत्तम होती, पण बोलण्यात आणि लिहिण्यात कच्चेपणा राहून गेला होता. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये त्यावर जे म्हणणं मांडलं ते प्रत्येक भाषाशिक्षकाने लक्षात ठेवण्याजोगं आहे : या मुलांना नेमकं बोलायला भाग पाडणारे प्रसंग वर्गात पुरेसे येतच नव्हते. जिथे दिवसभर फ्रेंच चालायचं तिथे ही गत, मग आठवड्याच्या तीन तासांत नुसत्या ऐकण्यावर भिस्त ठेवून कसं चालेल?

म्हणून मी असं सुचवेन. वर्गातला रोजचा व्यवहार सगळा जर्मनमध्ये, आणि त्यात सवलत नाही. पाणी प्यायला जायचं तर 'दार्फ इश वासर ट्रिंकन?', वही विसरली तर 'इश हाबे माइन हेफ्ट फेरगेसन', ऐकू आलं नाही तर 'नॉख आइनमाल, बिटे'. एखादा शब्द अडला तर 'वी झाग्ट मान दास आउफ डॉइच?' अशी दहा-बारा वाक्यं जून-जुलैमध्येच भिंतीवर लावावीत. ती खऱ्या गरजेपोटी रोज वापरली जातात, म्हणून ती धड्यातल्या वाक्यांपेक्षा जास्त टिकतात. व्याकरणाची एखादी गाठ मात्र जर्मनमध्ये दहा मिनिटं हातवारे करून सोडवण्यापेक्षा मराठीत अर्ध्या मिनिटात सोडवा आणि वाचलेली साडेनऊ मिनिटं बोलण्याला द्या.

मराठीचा मुद्दा मी जरा लावून धरणार आहे, कारण इथे आपल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा हातातलं धन मातीत घालतात असं माझं ठाम मत आहे. तुमच्या वर्गात अशी चूक रोज होत असणार : 'इश कान श्पीलन फुसबाल'. मूल इंग्रजीचा क्रम उचलून जर्मन शब्द त्यात बसवतं. त्याला विचारा, मराठीत कसं म्हणशील? 'मी फुटबॉल खेळू शकतो.' फुटबॉल आधी, खेळणं नंतर. जर्मनमध्येही 'इश कान फुसबाल श्पीलन', खेळणं शेवटी. पुढे 'दास' (म्हणजे 'की') लावून जोडवाक्यं येतील तेव्हा क्रियापद थेट वाक्याच्या टोकाला जाईल. इंग्रजीतून जर्मन शिकणारा जन्मभर कुरकुरतो ती हीच जागा. मराठी मुलाला तिथे फार नवं काही शिकायचं नसतं, फक्त ते आपल्याकडे आहे हे कुणीतरी दाखवून द्यावं लागतं.

लिंगाचंही तसंच. इंग्रजीवर वाढलेल्या मुलाला खुर्ची पुल्लिंगी का, हा प्रश्न पडतो. मराठी मूल तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल असं दुसऱ्या वर्षापासून बोलत आलेलं आहे. तोच 'दरवाजा' म्हटला की पुल्लिंगी आणि 'दार' म्हटलं की नपुंसकलिंगी, यात त्याला काही खटकत नाही. तेव्हा नामाचं लिंग दाखवणारे डेअर, डी, दास हे शब्द शिकवताना 'याला नियम नाही, पाठ करा' म्हणून सुरुवात करण्याऐवजी आधी वर्गातल्या दहा वस्तूंची मराठी लिंगं विचारा. मुलांना आपल्याच भाषेचं आश्चर्य वाटतं, आणि मग जर्मनमधलं लिंग वेगळं निघालं तरी ती बिचकत नाहीत. 'दास मेडशन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी का, यावर हमखास हशा होतो. वर्गात कोणी सिंधुदुर्गातलं असेल तर त्याला विचारा, घरी आजी काय म्हणते. मालवणीत 'चेडू', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगीच आहे. त्या दिवशी ते मूल वर्गात भाव खाऊन जाईल.

आकड्यांचं सांगायलाच नको. 'फ्युन्फ-उंट-फिअरत्सिश' म्हणजे पाच आणि चाळीस, आपला पंचेचाळीसही आधी पाच आणि मग चाळीस असाच बनलेला. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असं वाचन सुचवलं गेलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता, ते आठवत असेल. जर्मनचे आकडे शिकवता शिकवता तुमच्या मुलांचे मराठी आकडेही पक्के होतील, कारण इंग्रजी माध्यमातल्या बऱ्याच मुलांना आज सत्तेचाळीस म्हटलं की बोटं मोजावी लागतात. आणि 'त्सेन', 'त्साइट' यांतला पहिला उच्चार? चमचातला 'च' म्हणायला सांगा. ज्यांच्या घरी मराठी नाही अशी मुलं वर्गात असतील, त्यांनाही शेजाऱ्याकडून शिकू द्या. मुख्याध्यापिकांशी बोलताना 'मराठीत शिकवते' असं म्हणू नका. 'मुलांना येणाऱ्या भाषांचा आधार घेते' म्हणा आणि एक तास बघायला बोलवा.

व्याकरण आधी की बोलणं आधी, हे यातून बरंचसं आलंच. तक्ते टाकून देऊ नका, त्यांची जागा बदला. मुलांनी एकमेकांना विचारून झाल्यावर त्यांचीच वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा, क्रियापदाचा शेवट रंगीत खडूने काढा आणि विचारा, काय दिसतंय? तेरा वर्षांच्या मुलांना असे नमुने ओळखता येतात, सहा वर्षांच्यांना येत नाहीत, आणि हीच या वयाची मोठी जमेची बाजू आहे. 'भाषा लहानपणीच येते, आता उशीर झाला' असं कोणी म्हणालं तर कॅथरीन स्नो आणि मारियान हुफनागेल-हूले यांनी नेदरलँड्समध्ये केलेला 1978 चा अभ्यास सांगा. तिथे राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांपैकी पहिल्या काही महिन्यांत डच भराभर उचलली ती 12 ते 15 वर्षांच्या मुलांनी, तीन-चार वर्षांच्यांनी नव्हे.

चुका सुधारण्याबद्दल थोडक्यात. जोड्या बोलत असताना कुणालाही टोकू नका. कागद घेऊन फिरा, ऐकलेल्या तीन चुका टिपा आणि शेवटी कुणाचंही नाव न घेता फळ्यावर लिहा, वर्गालाच सुधारू द्या. मूल सगळ्यांसमोर बोलताना चुकलं तर आपण पटकन बरोबर वाक्य म्हणून पुढे जातो, ती सवय सोडा. रॉय लायस्टर आणि लेला रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्याच वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक सगळ्यात जास्त वापरतात ती हीच पद्धत आणि मुलं स्वतः चूक दुरुस्त करतात ती याच पद्धतीत सगळ्यात कमी, असं दिसलं. त्यापेक्षा अर्ध्यावर थांबून भुवई उंचावा. येत असेल तर मूल स्वतःच सुधारेल, नसेल येत तर शेजारी कुजबुजेल.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आहे, म्हणून एक काम लगेच सुचवते. सुट्टीत धड्याखालचे प्रश्न देऊ नका, किल्ला द्या. मुलं किल्ला करणारच आहेत, सोसायटीत नाहीतर गावी. ज्यांना जमणार नाही त्यांनी चित्र काढावं. सुट्टीनंतर फोटो किंवा चित्र आणायचं आणि पाच वाक्यांत जोडीदाराला किल्ला दाखवायचा : 'दास इस्ट माइने बुर्ग' (हा माझा किल्ला), 'हिअर इस्ट डेअर बेर्ग' (इथे डोंगर आहे), 'दा इस्ट डी ह्योले' (तिथे गुहा आहे), 'डेअर क्योनिग झित्स्ट ओबन' (राजा वर बसतो). गुहेला काय म्हणतात, तोफेला काय म्हणतात, मावळ्याला सरळ सैनिक म्हणायचं की 'मावळा'च ठेवायचं, असे प्रश्न मुलं तुम्हाला विचारत येतील. शब्द मागायला आलेल्या मुलाला दिलेला शब्द राहतो. प्रत्येकाच्या वहीचं शेवटचं पान अशा स्वतः मागून घेतलेल्या शब्दांसाठी राखून ठेवा. कोलोनमधल्या कुठल्याशा कुटुंबाच्या नाश्त्यावरचा धडा तुम्हाला पोर्शनसाठी घ्यावाच लागेल, तो जरूर घ्या, पण त्यानंतर 'आमच्याकडे रविवारी काय असतं' हेही जर्मनमध्ये होऊ द्या.

परीक्षेला हात लावल्याशिवाय मात्र यातलं काही टिकणार नाही. पेपरात रूपं विचारली जातात तोवर मुलं रूपंच घोकतील आणि त्यांचं काही चुकत नाही. 20 मार्कांतले निदान पाच तोंडी परीक्षेला मागून घ्या. तीही एकेकाला टेबलाजवळ उभं करून नको, जोडीने घ्या. एका मुलापुढे पेन्सिलचं चित्र, त्याने ती मागायची. दुसऱ्याने द्यायची किंवा का देत नाही ते सांगायचं. 10 ते 16 वर्षांच्या मुलांसाठी गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषा शिकवणाऱ्या संस्थेची 'फिट इन डॉइच' ही जी परीक्षा आहे, तिच्या तोंडी भागात अशीच चित्रांची कार्डं असतात, त्यामुळे मुख्याध्यापिकांना हे पटवणं अवघड जाऊ नये. तिचे नमुना संच मोफत मिळतात, तिच्या पुण्याच्या शाखेत, म्हणजे मॅक्स म्युलर भवनात विचारा.

पालकांना खरं तेच सांगा. युरोपच्या परिषदेने 2001 मध्ये भाषेच्या ए-1 ते सी-2 अशा ज्या सहा पायऱ्या ठरवल्या, त्यातल्या पहिल्या पायरीवर माणूस स्वतःची ओळख करून देतो, राहतो कुठे, ओळखतो कोणाला, जवळ काय आहे असे साधे प्रश्न विचारतो आणि उत्तरं देतो, तेही समोरचा सावकाश बोलला तर. या पायरीला 45 मिनिटांचे 80 ते 200 तास लागतात असं गोएथे इन्स्टिट्यूट सांगते. तुमचे तास 35 मिनिटांचे, त्यातून गणपती, स्पोर्ट्स डे, गॅदरिंग आणि परीक्षा वजा जाणार. तीन वर्षांत ही एक पायरी नीट चढली तर ते उत्तम काम आहे, आणि पालकसभेत तेवढंच कबूल करा.

चाकणच्या जर्मन कारखान्यांमुळे आणि 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी केलेल्या मनुष्यबळाच्या करारामुळे तुमच्या भागातल्या पालकांना जर्मन म्हटलं की नोकरी दिसते. तो करार प्रशिक्षित मोठ्या माणसांसाठी आहे. बारा वर्षांच्या मुलाला त्याचं आमिष दाखवू नका, पालकांनाही नाही. उलट, जर्मन लोकांबरोबर काम करणारे जे पालक आहेत त्यांना एकदा वर्गात बोलवा आणि मुलांना आधी प्रश्न तयार करायला लावा. एखाद्या तिथल्या सहकाऱ्याशी व्हिडिओवर बोलणं जमलं तर फारच छान. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते, म्हणजे तुमचा दुपारी दोनचा तास तिथे सकाळी साडेनऊला भरतो.

शाळेत जर्मनची जागा टिकेल का, ही धाकधूक तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार. 2014 मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून चालू असलेलं जर्मन वर्षाच्या मध्यावर थांबलं होतं, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय हव्यात असं आहे. माझं मत विचाराल तर मुलांनी मराठी नीट शिकावी, मग जर्मन चौथी भाषा म्हणून आनंदाने शिकावी, यात कुणाचंच नुकसान नाही. पण तो निर्णय तुमच्या-माझ्या हातात नाही, त्यावर रात्री जागू नका.

आता तो न बोलणारा मुलगा. त्याला उत्तर द्यायला लावू नका, प्रश्न विचारायला द्या. प्रश्न फळ्यावर तयार असतो, तो विचारणाऱ्यावर कुणाची नजर नसते. जोडी लावताना त्याच्याशेजारी वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा नको, बऱ्या स्वभावाचा हवा. सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या तर त्याने लिहिलेली वाक्यं दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून वर्गाला ऐकू येऊ द्या. तो सुरेख लिहितो म्हणता, तर ती लोकांना आवडतीलच. आणि ज्या दिवशी तो पहिल्यांदा बोलेल त्या दिवशी काहीही करू नका. 'बघा, आज हा बोलला!' असं कौतुक झालं की तो पुन्हा सहा महिने गप्प बसेल. 'गूट' म्हणून पुढच्या जोडीकडे वळा. मात्र तो मराठीच्या किंवा गणिताच्या तासालाही असाच गप्प असेल, तर त्या शिक्षकांशी आणि शाळेच्या समुपदेशकांशी बोलून घ्या. मग हा प्रश्न जर्मनचा नाही.

शाळा सोडण्याचं म्हणाल तर वर्षाच्या मध्यावर सोडू नका, आठवीच्या मुलांचे आत्ताच शिक्षक बदलणं बरं नाही. मोठ्यांचे क्लास वाईट नाहीत. तिथे माणसं स्वतःच्या इच्छेने, पैसे भरून येतात, त्यामुळे शिकवणं सोपं जातं आणि मिळकतही होते. पगार कमी पडत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. शनिवार-रविवारची एखादी बॅच घेऊन बघा, पण त्याआधी तुमच्या नेमणुकीच्या पत्रात बाहेर शिकवायला मनाई आहे का ते वाचा आणि असेल तर मुख्याध्यापिकांकडून लेखी परवानगी घ्या. एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा संपल्यावर दोन्हीकडचा अनुभव हाताशी असेल, तेव्हा ठरवा. सात मिनिटांचा प्रयोग आठवीत कसा चालला ते मला डिसेंबरमध्ये जरूर कळवा, विशेषतः तिसऱ्या फेरीत काय होतं ते.